मुकं हाय अजून

१२ जानेवारी, सोमवार

फर्स्ट शिफ्ट. सुटलो तर ऋता कंपनीच्या गेटसमोर उभी. पाठीला सॅक, हातात तिची ती शब्दयादी. नवलाख उंबऱ्याच्या आमच्या कारखान्यातल्या अख्ख्या शिफ्टने बघितलं. बघू दे.

आंबीत, ताईच्या गावात, तीन-चार घरं केली. सगळीकडे तेच. ऋ. विचारते, बाळ 'पाणी' म्हणतं का, 'मांजर' म्हणतं का, 'नको' म्हणतं का. आई म्हणते न्हाई, न्हाई, न्हाई. "कुटलं बोलतंय वो, नुसतं बोट दावतंय." एका म्हातारीने मधेच मला धरलं, "ओम्या, ही सरकारची बाई हाय का तुझी?" ऋ. हसली. मी यादीत तोंड घातलं.

तिच्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषय: दीड ते तीन वर्षांच्या मुलांना शब्द कसे येतात. माझाही विषय झाला असता. असो.

तळेगाव स्टेशनवर सोडायला गेलो तर म्हणाली, "इथली सगळीच मुलं मागे कशी रे?" डोकं फिरलं. (इथून पुढे डो.फि. लिहीन, रोज लागणार आहे.) म्हटलं, मागे म्हणजे कुणाच्या मागे? तुमच्या लोणावळ्याच्या? "वयाच्या मागे. चिडू नकोस. आया सांगतात तेच लिहितेय ना मी?" लोकल आली. खिडकीतून हात केला तिने आणि माझा राग गेला. हे मुद्दाम लिहून ठेवतो, म्हणजे पुढे वाचून स्वतःला शिव्या घालता येतील.

१४ जाने., संक्रांत

ताईकडे. ऋ.सुद्धा आली. म्हणजे यादी घेऊनच आली, पण माझ्या ताईच्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं. मी सकाळपासून ओसरी आवरत होतो. ताई म्हणाली, "माझं घर हाय का तुझं?"

तिळगूळ झाला. मग प्रश्न. ताई पदर आवळून बसली, जसं काही कोर्टात. आधी स्पष्ट सांगितलं, "इचारा काय इचारायचं ते. पन फोटू न्हाई, व्हिडू न्हाई. माझ्या लेकराचा कायबी काढायचा न्हाई." ऋ. म्हणाली, "नाही ताई. फक्त प्रश्न."

"'आई' म्हणतो?"

"न्हाई."

"'दूध'?"

"न्हाई वो. मुकं हाय अजून."

मी चाट. भाचा माझा, विरू, दोन वर्षांचा घोडा, सकाळीच मला म्हणाला होता, "मामा, तुझी गाली घान झाली." तोंड उघडणार तेवढ्यात ताईने असं बघितलं की तिळगूळ घशात अडकला.

ऋ. गेल्यावर भांडलो. अगं, अभ्यास आहे तो, विद्यापीठात जाणार. ताई: "जाऊ दे की. परक्या बाईफुडं मोजून दावू व्हय माझ्या लेकराचं बोलनं? तू म्हनलास म्हनून बसले तरी. न्हाईतर दारात उबी केली नसती."

१८ जाने., रवि.

आज धमाल. ताईच्या अंगणात विरूला गाडीच्या टाकीवर बसवलं होतं, सहज मोबाईलवर शूट करत होतो. त्याची टकळी चालू, "मामाची गाली लाल, आये बग, मामाची गाली लाल, बोकल आलं, बोकल हाट हाट." मागून ताई हंडा घेऊन चाललेली. शेजारीण विचारते, "बोलाया लागला का गं?" आणि ताई चालता चालता, "कुटला गं, मुकं हाय अजून." मागे विरू बोंबलतोय, "हाट! हाट!"

हसून पोट दुखलं. लगेच ऋ.ला पाठवला. खाली लिहिलं, 'तुझं मागे राहिलेलं मूल.' तिने हसून हसून रडणारे चेहरे पाठवले, मग लाल बदाम. बदाम एकच. पण लाल.

२५ जाने., रवि.

लोणावळा. चिक्कीच्या दुकानांपुढे मुंबईच्या गाड्या, हॉर्न, सेल्फी. आम्ही वळवण धरणाच्या बाजूला जाऊन बसलो. एकच मका भाजून घेतला. मीठ-लिंबू तिने चोळलं.

ती म्हणाली, "तो व्हिडिओ मी परत परत बघते. ताई खोटं का बोलतात?"

खोटं! डो.फि. माझी ताई खोटं बोलते? मग सगळं सांगितलं. आमच्याकडे कुठलीच आई परक्यासमोर पोराचं चांगलं सांगत नाही. जेवतो का, कुटला जेवतो. झोपतो का, कुटला झोपतो. बोलतो का, मुकं हाय. सांगितलं की दृष्ट लागते. खोटं नाही ते. पोराच्या अंगावर पांघरूण घालावं तसं घालतात.

ती म्हणाली, "पण ताई जरा जास्तच कडक होत्या." मग थोरलीचं सांगितलं. विरूच्या आधीची. वर्षाची व्हायच्या आत बोलायला लागलेली, दीड वर्षाची असताना लग्नाच्या मांडवात बायकांनी या मांडीवरून त्या मांडीवर नेऊन बोलायला लावली, सगळं वऱ्हाड कौतुक करत होतं. त्याच आठवड्यात ताप. तळेगावचा दवाखाना. गेली. ताईने त्या मांडवातलं एकेक तोंड लक्षात ठेवलंय.

ऋ. रडली. खरंच रडली, नाक लाल. माझा हात धरून बसली. म्हणाली, "हे माझ्यापाशीच राहील." आणि मग, मी न विचारता, "डिग्री होऊ दे. मग घरी सांगू आपण."

आपण.

येताना गाडीवर ती पण आली फाट्यापर्यंत, खांद्यावर हात होता तिचा. कार्ल्यापर्यंत गाडी चाळीसच्या वर नेली नाही. ट्रकवाले शिव्या देऊन गेले.

५ फेब्रुवारी

फोन नाही. 'बिझी.' परत 'बिझी.' मग रात्री एकदम: 'मॅडम जाम खूश आहेत!! विषयाला वळण मिळालं.' म्हटलं कुठलं वळण? 'सेमिनारला ये ना, कळेल.'

सुपरवायझरशी वाजलं. त्याने नुसतं विचारलं होतं, कॉलेज का सोडलं. काय सांगू? एस.वाय.ला मानसशास्त्राच्या तोंडी परीक्षेत बाहेरचे सर म्हणाले, खेड्यातल्या मुलांना शब्द उशिरा येतात कारण घरी कुणी त्यांच्याशी बोलत नाही. मी म्हटलं, तुम्ही कुठल्या खेड्यात गेला होता, सर? ते म्हणाले, बसा खाली. मी जर्नल टेबलावर आपटलं आणि निघालो. परत गेलोच नाही. आई अजून म्हणते, माफी मागून ये. वर्गात मला खरंच येत होतं ते सगळं. शब्द आधी एकेक येतात, मग एका महिन्यात धो-धो फुटतात, ते वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. कारण मी बघितलं होतं. थोरलीचं.

ऋ. तेव्हा टी.वाय.ला. मागून पळत आली होती जिन्यात. म्हणाली होती, "बरोबर बोललास तू." तिथून सुरू झालं सगळं.

२० फेब्रु., शुक्रवार

लिहू का नको.

सुट्टी टाकून गेलो. इस्त्रीचा शर्ट. विद्यापीठात तिच्या विभागाचा हॉल, खुर्च्या भरलेल्या, मी शेवटच्या रांगेत. ऋ. साडीत. पडद्यावर इंग्रजीत विषय, अर्थ असा: आया का लपवतात.

बरं बोलली. छान बोलली. आईला विचारून मुलाचे शब्द मोजायची पद्धत सगळीकडे वापरतात, पण मावळात ती फसते, कारण इथली आई परक्याला खरं सांगतच नाही. कुटला जेवतो, कुटला झोपतो. माझीच वाक्यं. वळवणच्या कडेला मका खाताना बोललेली. त्याच क्रमाने.

मग म्हणाली, "एक छोटी क्लिप बघू."

माझी गाडी. माझा भाचा. आणि मागून ताई, भिंतीएवढी मोठी, डोक्यावर हंडा, "कुटला गं, मुकं हाय अजून." हॉल फुटला. टाळ्या पण. वाईट हसले नाहीत. प्रेमानेच हसले. तेच जास्त लागलं. मी पण असाच हसलो होतो ना.

पुढची स्लाईड, तीही इंग्रजीत. "याच मातेचे पहिले अपत्य दगावलेले. मुलगी. भाषा लवकर आली होती. मातेच्या मते कारण: दृष्ट." चार ओळी. थोरली चार ओळींत. ऋ.ने तिथे आवाज थोडा खाली आणला. कुणीतरी च्च केलं.

शेवटी एका सरांनी विचारलं, "चित्रफितीला आईची संमती आहे?"

"हो सर. तोंडी घेतली आहे."

तेव्हाच तिची नजर माझ्यावर पडली. हसली. मला बघून हसली!

आभाराची स्लाईड: मॅडम, विभाग, ग्रंथालय, आई-बाबा, 'व ग्रामस्थ'. ग्रामस्थ. अख्ख्या हॉलमध्ये ग्रामस्थ मी एकटा.

चहाला मैत्रिणींना म्हणाली, "हा ओंकार. आमचा फील्डमधला कॉन्टॅक्ट." एक म्हणाली, "किती हेल्पफुल ना." हातातला कप ठेवला आणि निघालो. कप फोडला नाही. का नाही फोडला.

२१ फेब्रु.

फोनवर. जेवढं आठवतंय तेवढं.

मी: ताईने तोंडावर सांगितलं होतं तुला, व्हिडिओ नाही.

ती: "मी कुठे काढला? तू काढलास. तूच पाठवलास."

मी: तुला पाठवला. हॉलला नाही.

ती: "चेहरा झाकणार होते रे, वेळच नाही मिळाला."

मी: आणि थोरली? माझ्यापाशी राहील म्हणाली होतीस.

ती: "नाव कुठे घेतलं मी? आणि ओंकार, त्याशिवाय तो मुद्दा उभाच राहत नाही. तुला कळायला हवं, तू शिकलायस हे."

शिकलोय! अर्धंच. म्हणून अर्धंच कळतं. फोन आपटला, स्क्रीनला तडा.

तिच्या मॅडमना मेल लिहिला. संमती नाही, खोटं बोलली, सगळं. पुसला. परत लिहिला. मसुद्यात पडलाय.

२६ फेब्रु.

कंपनीत तीन वेळा चुकीचा माल काढला. जेवायच्या सुट्टीत तिची डीपी बघत बसलो. साडीतलीच ठेवलीय. सेमिनारमधली. मागे पडद्याचा कोपरा, त्यात माझ्या गाडीचं चाक.

चांगली दिसते. हे लिहायला नको होतं. पण रोजनिशीत खोटं बोलून कुणाला फसवू.

२८ फेब्रु., शनि.

ती आली. कार्ल्याला, फाट्यावर मी रोज थांबतो त्या वडापावच्या टपरीपाशी, न सांगता. डोळे सुजलेले. मला वाटलं माफी मागायला आली. मागितली पण. पहिलं वाक्य तेच होतं. दुसरं वाक्य हे: "मॅडमनी संमतीची नोंद मागितलीय. नऊ तारखेपर्यंत."

मग कळलं. ताईने कॅमेऱ्यासमोर एक वाक्य बोलायचं, माझी हरकत नाही. आणि बोलताना म्हणायचं की संक्रांतीच्या वेळीच सांगितलं होतं. बस. तेवढं नसेल तर प्रबंध समितीपुढे जाणार, तिथे अडकला की वर्ष गेलं, आणि वर चौकशी.

मी: म्हणजे ताईने खोटं बोलायचं. तू तर त्यावरच प्रबंध लिहिलायस.

टपरीवाला भाऊ वडे तळता तळता थांबला.

ती: "टोमणे मार. मारच. पण माझं वर्ष वाचव. तू म्हणालास तर ताई करतील. तुझ्या शब्दाबाहेर नाहीत त्या."

हेच तर. माझ्या शब्दावर ताई बसली. माझ्या शब्दावर आंबीतल्या सगळ्या घरांची दारं उघडली. आता हिला तोच शब्द परत पाहिजे.

जाताना म्हणाली, "आपलं काय ठरलं होतं ते विसरले नाहीये मी." आता आठवलं तिला आपण. नोंद मागितल्यावर. आणि माझ्या छातीत तरीही धडधडलं. शरम नावाची गोष्ट नाही मला.

२ मार्च

ताईला सांगितलं. निम्मं. क्लिप काढली, ऋ.ला पाठवली, तिने विद्यापीठात दाखवली, आता परवानगी पाहिजे. थोरलीचं बोललो नाही.

ताई भाकऱ्या थापत होती. थांबली नाही. "किती जनांनी बगितलं?"

"हॉल भरला होता."

"हसले?"

"...हो. पण तसं नाही, प्रेमानं—"

"विरू बोलतोय त्यात?"

"हो."

भाकरी तव्यावर टाकली. उठली, मीठ-मोहऱ्या-मिरच्या घेतल्या, विरूला उंबऱ्यात बसवला, उतरवून चुलीत टाकलं. सगळ्यांना ठसका लागायला पाहिजे. लागला नाही. ताई माझ्याकडे बघत म्हणाली, "वास येतोय का तुला? न्हाई ना. बग किती लागलीय." विरूला कसलाही ताप नाही, काही नाही, तो "मिल्ची, मिल्ची" करत नाचतोय. आणि मी, मानसशास्त्राचा विद्यार्थी, माजी, मनातल्या मनात देवाला म्हणत होतो, याला काही होऊ देऊ नको.

मग ताई म्हणाली, "तिला हितं बोलव. मला बगू दे काय दावलं त्ये. न बगता कशाला हां म्हनू?"

५ मार्च, गुरुवार

ऋ. आली. लॅपटॉप. दाजी कामावर, ताईची सासू विरूला घेऊन नदीकडे. ताईनेच पाठवली त्यांना.

क्लिप लावली. ताई स्वतःला बघत होती. पडद्यावरची ताई म्हणाली मुकं हाय अजून, खरी ताई पुढे वाकली. मग जरा हसली. हो, हसली! "हंडा किती वाकडा धरलाय गं मी." ऋ.ने सुटल्यासारखा श्वास सोडला. मी पण.

ऋ. म्हणाली, "ताई, मग एवढंच एक वाक्य बोलायचं—"

"फुडं काय हाय?"

"पुढे नुसतं लिहिलेलं आहे."

"वाच की. मी सातवी हाय, पन विंग्रजी न्हाई येत."

ऋ.ने वाचलं नाही. माझ्याकडे बघितलं. ताईने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि ऋ.ने, काय करणार बिचारी, वाचलं. मराठीत करून. सावकाश. पहिले अपत्य. मुलगी. भाषा लवकर.

ताई: "ह्ये कुनी सांगितलं तुला?"

ऋ. परत माझ्याकडे बघते. बोलायची गरजच काय.

मला वाटलं ताई मारेल. लहानपणी मारायची, लाकडी उलथण्याने. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती उठली, आत गेली, चहा टाकला. तिघांचा. आलं किसून. आम्ही दोघं ओसरीत, मधे लॅपटॉप, त्याच्यावर ते चार ओळींचं पान तसंच उघडं. मी झाकण लावलं. ऋ. हळूच म्हणाली, "तू त्यांना हे सांगितलं नव्हतंस?" आवाजात चक्क राग. माझ्यावर! म्हणजे विश्वासघात कुणी कुणाचा केला याची पण आता तोंडी परीक्षा.

चहा झाला. ऋ. म्हणाली, "ताई, सॉरी. मी काढून टाकते ते पान. फक्त क्लिपपुरतं—"

ताई: "तुमची बाई कुटं बसती?"

"मॅडम? पुण्यात. विद्यापीठात."

"मला तिला भेटायचंय."

"ताई, त्याची काही गरज नाही, इथेच रेकॉर्ड करून—"

"गरज तुला हाय का मला?" आवाज चढवला नाही. कप उचलले. "सोमवारी येते. ओम्या न्हेईल मला."

मला विचारलं नाही. नुसतं नाव घेतलं.

६ मार्च

ऋ.चे मेसेज. 'काय बोलणार आहेत त्या?' 'त्यांना समजाव.' 'माझं सगळं त्यांच्या हातात आहे.' 'प्लीज बोल ना काहीतरी.'

काय बोलू. मला ठाऊक असतं तर. ताई हो म्हणाली तर ऋ. सुटली, आणि ते खोटं कायमचं ताईच्या गळ्यात. नाही म्हणाली तर ऋ.चं वर्ष, नाव, सगळं गेलं. आणि दोन्हीत मी कुठे?

मसुद्यातला मेल उघडला. वाचला. 'आपला विश्वासू' असं लिहिलंय खाली. मीच लिहिलंय. फोन खिशात टाकला.

७ मार्च, शनि.

आंबीला गेलो. ताई अंगणात धान्य वाळवत होती. म्हटलं, ताई, चुकलं. म्हणाली, "बाजूला हो, पायाखाली गहू हाय."

दाजींना माहीत झालंय. ते बोलले, तेवढंच. "ओम्या, पोर गेल्यावर ती दोन वर्सं कुनाशी बोलत नव्हती, म्हाईत हाय ना तुला? मी पन तिच्याफुडं थोरलीचं नाव घेत न्हाई. आनि तू एका पोरीला गाडीवर बसवून सांगतूस." मी म्हटलं, दाजी, मी ताईची बाजूच घेत होतो, ती ताईला खोटी म्हणाली म्हणून— "बाजू घ्यायला ताईनं सांगितलं हुतं का तुला?"

खाली बसलो आणि गहू पसरायला लागलो.

८ मार्च, रवि.

ऋ.चा फोन. उचलला. म्हणाली, "उद्या ताईंनी मला बुडवलं तर तू माझ्यासोबत उभा राहशील?"

मी म्हटलं, सोबत म्हणजे कसा? ग्रामस्थ म्हणून?

रडली. मी ऐकत राहिलो. वाटलं फोन कापावा, कापला नाही. वाटलं म्हणावं, राहीन, म्हणालो नाही. शेवटी तीच म्हणाली, "मला खरंच ती गोष्ट खूप लागली होती, ओंकार. म्हणून घातली मी ती." खरं असेल. तेच तर वाईट आहे, की खरं असेल.

९ मार्च, सोमवार

विद्यापीठ. तिच्या विभागाचा व्हरांडा. बाकावर बसून लिहितोय, हात थांबत नाहीत म्हणून.

सकाळी ताई निघाली तेव्हा विरूने भोकाड पसरलं. ताईने त्याला सासूकडे दिला आणि मागे वळून बघितलं नाही. ठेवणीतली साडी. गाडीवर एका बाजूला बसली, हात माझ्या खांद्यावर नाही, मागच्या दांडीला. चिंचवडच्या सिग्नलला विचारलं, ताई, काय सांगणार आहेस?

"सिग्नल सुटला. चल."

ऋ. खाली उभी होती. ताईच्या पाया पडायला वाकली, ताईने मधेच धरली. जवळ पण घेतली नाही, ढकलली पण नाही. मॅडम बाहेर आल्या, चष्मा, पांढरी वेणी, म्हणाल्या, "या ताई. तुम्ही एवढ्या लांब आलात." मी पण आत शिरत होतो. ताईने दारात हात आडवा धरला.

"तू हितं बस."

दार लोटलं. पूर्ण लागलेलं नाही, बोटभर फट. आधी मॅडमचा आवाज, प्रश्न असावा. ऋ.चा आवाज नाहीच. मग खुर्ची सरकली. मग ताई.

म्हणतेय, "लिवायचंच असंल तर नीट लिवा. त्या पोरानं तुमाला निम्मंच सांगितलंय. त्याला तरी कुटं म्हाईत हाय." म्हणजे परवानगी देतेय की काढून घेतेय? मॅडम काहीतरी म्हणाल्या, सावकाश, असं काहीसं की तुम्हाला नको असेल तर एक अक्षरही राहणार नाही. ताई म्हणाली, "त्ये मी मागनं सांगते. आदी ऐका."

आणि थोरलीचं नाव घेतलं. चार वर्षांत पहिल्यांदा. मग सांगायला लागली, तिचा पहिला शब्द कुठला, कुठे बसली असताना, कुणाकडे बघून. मग दुसरा. मग पुढचे. तिने सगळे मोजून ठेवलेत. कुणाला एकही दाखवला नव्हता. मलासुद्धा नाही.

आतून कुणीतरी रडतंय. ताई नाही.

मला सगळं ऐकू येतंय. एकेक शब्द, मधे थांबून, मग पुढचा. इथे लिहिणार नाही ते.

उठतो. जिन्यापाशी जाऊन बसतो, तिथपर्यंत आवाज यायचा नाही.